चित्र उतरवू नका, चित्रकाराची अट उचला: मुलांना मोठ्या चित्रकारांची ओळख हातांनी करून देताना

माझ्या पहिल्या वर्गाची बारा चित्रं भिंतीवर लागली तेव्हा मी स्वतःवर भलतीच खूश होते. बारा 'तारांकित रात्री', बारा निळी आकाशं, बारा पिवळे चंद्र, सगळे भोवरे जागच्या जागी. पुढच्या आठवड्यात विचारलं, "व्हॅन गॉग कोण होता?" एकच हात वर आला. "कान कापणारा." बाकी कोणाला काही आठवेना. आठवणार तरी कसं? बाह्यरेखा मी छापून आणली होती, रंग मी वाटले होते, भोवरे कुठून कुठे फिरवायचे तेही मीच फळ्यावर दाखवलं होतं. मुलांनी रेघांच्या आत रंग भरला आणि घरी गेली.

नंतर बऱ्याच फजित्या झाल्या. त्यातून हाताला लागलं ते एवढंच: मुलांना चित्र उतरवायला देऊ नका. ते चित्र काढताना चित्रकारापुढे जी अडचण होती, किंवा त्याने स्वतःला जी अट घालून घेतली होती, ती मुलांपुढे ठेवा. मग बारा चित्रं बारा तऱ्हेची होतात, आणि मूल चित्रकाराचं मूळ चित्र पाहताना "अच्छा, याने असं सोडवलं होय!" म्हणतं. घरी एकच मूल असो की वर्गात पंचवीस, पद्धत तीच. चित्रकला शिकलेलं असायची गरज नाही. मीही शिकलेले नाही.

१. चित्रकार निवडण्याआधी एक वाक्य लिहा

कागद घ्या आणि चित्रकाराच्या नावापुढे एकच वाक्य लिहा, मुलाला सांगता येईल असं. माझ्या वहीतली काही वाक्यं:

- आंरी मातीस: पेन्सिल नाही, थेट कात्री.
- पीट माँड्रियान: फक्त उभ्या-आडव्या रेषा, रंग तीनच, लाल, पिवळा, निळा.
- जॉर्ज स्यूरा: ब्रश ओढायचा नाही, नुसता टेकवायचा.
- जामिनी रॉय: जाड रेषा, एका दमात, खोडरबर नाही.
- अलेक्झांडर काल्डर: शिल्प हललं पाहिजे.

वाक्य लिहिता आलं नाही, तर तो चित्रकार सध्या बाजूला ठेवा. पिकासोला मी याच कारणाने बरीच वर्षं हात लावला नाही. 'एकाच वेळी दोन बाजूंनी पाहायचं' हे वाक्य कागदावर छान दिसतं, पण सहा वर्षांच्या मुलांच्या हातात त्याचं 'नाक वाकडं काढायचं' एवढंच होतं. नऊ-दहा वर्षांच्या मुलांना मात्र ते जमतं. टेबलाच्या मधोमध एक किटली ठेवा, अर्धं चित्र एका खुर्चीत बसून आणि उरलेलं अर्धं समोरच्या खुर्चीत बसून काढायला सांगा. मग बघा कशी गडबड उडते.

वाक्य लिहिताना चित्र मुळात कशासाठी काढलं होतं तेही तपासा. कँडिन्स्कीची चौकोनातली वर्तुळं आज सगळीकडे मुलांकडून करून घेतात. १९१३ सालचा तो छोटा कागद म्हणजे पूर्ण झालेलं चित्र नव्हे, तो रंगांचा अभ्यास आहे. कोणता रंग कोणाशेजारी कसा दिसतो, हे कँडिन्स्की जोखत होता. म्हणून मीही तो अभ्यास म्हणूनच देते. एकच लाल रंग घ्यायचा, त्याच्याभोवती दर चौकोनात वेगळा रंग लावायचा आणि कुठला लाल जास्त पेटलेला दिसतो ते सांगायचं. पंधरा मिनिटांचं काम आहे, आणि वह्यांत ठेवलेले ते कागद पुढे वर्षभर उपयोगी पडतात.

२. सामान आणि कागदपत्रं

फार काही लागत नाही. मात्र जे लागतं ते मुलं यायच्या आधी टेबलावर हवं. मध्येच "थांबा हं, गोंद शोधते" म्हणालात की खेळ खलास.

- जाड कागद. पातळ कागद ओला झाला की पन्हाळीसारखा वळतो आणि मुलाचं मन खट्टू होतं.
- पोस्टर रंग: लाल, पिवळा, निळा, पांढरा, काळा. बाकीचे मुलांनी मिसळून करावेत. चोवीस रंगांची पेटी दिली की मिसळणं बंद पडतं.
- तैलखडू, काळी जाड पेनं, साधे खडू.
- बोथट टोकाच्या, पण पात्याला धार असलेल्या कात्र्या. डावखुऱ्या मुलांसाठी डाव्या हाताची कात्री वेगळी मिळते. एखादी तरी ठेवा. उजव्या हाताच्या कात्रीने त्यांचा कागद कापण्याऐवजी दुमडतो आणि दोष मुलाला लागतो.
- पांढरा गोंद, कागदी चिकटपट्टी, टाचण्या (मोठ्या माणसांच्या ताब्यात), दोरी, मोजपट्टी.
- मऊ फोमची शीट आणि एक लहान रोलर, छापकामासाठी.
- जुनी वर्तमानपत्रं, चिंध्या, पाण्याची जड बुडाची भांडी. हलकी भांडी पाच मिनिटांत आडवी होतात.
- मूळ चित्राची एक चांगली छापील प्रत. न्यूयॉर्कचं मेट्रोपॉलिटन, शिकागोचं आर्ट इन्स्टिट्यूट, ॲम्स्टरडॅमचं राइक्सम्युझियम अशी संग्रहालयं जुन्या चित्रांच्या मोठ्या प्रती त्यांच्या संकेतस्थळांवरून फुकट डाउनलोड करू देतात. शोधात वर येणारी कुठलीही प्रत घेऊ नका. एकाच चित्राचे दहा ठिकाणी दहा रंग दिसतात.
- एका पानाचं टिपण: चित्रकाराचा काळ, देश, तुमचं ते एक वाक्य आणि दोन गोष्टी. दोनच.
- इतरांची मुलं असतील तर पालकांकडून लेखी दोन ओळी: कशाची ॲलर्जी आहे का, आणि कामाचे व मुलाचे फोटो काढले तर चालतील का.

रंगांच्या वेष्टनावर 'विषारी नाही' असा उल्लेख आहे ना, तेवढं पाहा. लाकूड किंवा लिनोलियम कोरायची धारदार हत्यारं लहान मुलांच्या वर्गात आणूच नका.

३. आधी चित्र, नाव नंतर, आणि मोजपट्टी

चित्र समोर ठेवा आणि दोन मिनिटं काही बोलू नका. दोन मिनिटं फार वाटतात, घड्याळ लावा. मग विचारा, "काय काय दिसतं?" 'आवडलं का' हा प्रश्न या टप्प्यावर कामाचा नाही. त्याला हो किंवा नाही एवढंच उत्तर येतं आणि बोलणं तिथेच संपतं.

त्यानंतर मी एक गोष्ट हटकून करते. पुस्तकात किंवा पडद्यावर सगळी चित्रं एकाच मापाची दिसतात, म्हणून चित्राचं खरं माप खडूने जमिनीवर आखायला लावते. दालीचं वितळलेल्या घड्याळांचं चित्र जेमतेम २४ बाय ३३ सेंटिमीटरचं आहे, वहीच्या उघड्या दोन पानांहूनही लहान. "एवढंसं?" हा ओरडा दरवेळी ठरलेला. मोनालिसा ७७ बाय ५३. पिकासोचं 'गेर्निका' साडेतीन मीटर उंच आणि पावणेआठ मीटर लांब. ते आखायला मोकळं पटांगणच लागतं. एकदा आखलेल्या चौकटीत मुलं आडवी झोपली आणि किती जणं मावतात ते मोजत बसली. मी मोडता घातला नाही. ते माप त्यांच्या अंगालाच कळलं.

४. पहिल्या दिवशी मातीस घ्या

सुरुवात कोणापासून करू, असं विचाराल तर मी डोळे मिटून मातीस सांगेन. सामान थोडं, सांडासांड कमी आणि चित्र 'येत नाही' म्हणणारं मूलही यात अडत नाही.

गोष्ट अशी सांगा. १९४१ साली मातीसवर पोटाच्या कर्करोगाची मोठी शस्त्रक्रिया झाली. वय सत्तरीच्या पुढे. त्यानंतर बराचसा वेळ पलंगावर आणि चाकांच्या खुर्चीत. चित्रफळीपुढे तासन्‌तास उभं राहणं संपलं. मग मदतनीस मोठ्या कागदांवर एकेक सपाट रंग लावून ते वाळवून देत आणि मातीस हातात कात्री घेऊन सरळ रंगातच आकार कापत असे. तुकडे भिंतीवर टाचण्यांनी लावायचे, तो सांगेल तसे सरकवायचे, पुन्हा लावायचे. १९५३ चं 'गोगलगाय' हे चित्र अशाच तुकड्यांचं आहे आणि ते जवळजवळ २.८६ मीटर लांब आणि तितकंच रुंद आहे. मुलं त्यात गोगलगाय शोधतात, सापडत नाही, चिडतात. मग एखाद्याला तुकड्यांची चक्राकार मांडणी दिसते.

काम दोन बैठकांत करा. पहिल्या बैठकीत मुलांनी कागद नुसते रंगवायचे: एका कागदावर एकच रंग, मोठ्या ब्रशने, कडेपर्यंत. तयार रंगीत कागद आणायचा मोह होईल, तो टाळा. ब्रशचे पुसट फराटे ज्या कागदावर आहेत, त्याचा तुकडा वेगळाच दिसतो. दुसऱ्या बैठकीत कात्री.

इथे माझी फसगत झाली होती. मी "आकार कापा" म्हटलं आणि सगळ्यांनी मुकाट्याने पेन्सिल काढून आधी पानं-फुलं रेखाटली, मग रेघेवरून जपून कापली. म्हणजे मातीसची अटच गळाली. आता दुसऱ्या बैठकीआधी पेन्सिली डब्यात बंद होतात. पहिली पाच मिनिटं मुलं कात्री हवेत धरून बसतात. "काय कापू?" "कापून बघ."

हात कसा चालतो ते बारकाईने बघा. नवशिकं मूल कागद धरून ठेवतं आणि कात्री वळवायला जातं, त्यामुळे कोपर अंगापासून दूर जातं, मनगट अवघडतं आणि कडेला करवतीसारखे दात पडतात. कात्रीचा हात पोटाजवळ स्थिर ठेवायला सांगा आणि दुसऱ्या हाताने कागद फिरवायला. पातं पुरतं मिटू न देता पुढे सरकत राहायचं. एका सात वर्षांच्या मुलीला हे सांगितलं, तर तिने न थांबता एक लांबलचक शेवाळासारखी वेल कापली आणि कापून पडलेली रिकामी बाजू उचलून म्हणाली, "ही पण वेलच आहे!" उरलेला कागदही आकारच असतो, हे मी शिकवणार होते. तिने माझं काम वाचवलं.

गोंद शेवटच्या दहा मिनिटांपर्यंत बाहेर काढू नका. तोवर तुकडे नुसते ठेवायचे आणि सरकवायचे. गोंद समोर दिसला की पहिला तुकडा पडला तिथेच चिकटतो.

५. माँड्रियान: पट्ट्या सरकवा

सगळ्यात सोपा वाटणारा आणि सगळ्यात जास्त वाया घालवला जाणारा चित्रकार. पट्टीने चौकोन आखा, लाल-पिवळा-निळा भरा, झालं. मुलांना वाटतं, हे तर कोणालाही येईल. बरोबरच आहे, तसं केलं तर येईलच.

गोष्ट झाडापासून सुरू करा. १९११ च्या सुमारास त्याने काढलेलं करड्या झाडाचं चित्र दाखवा, त्यातल्या फांद्या कमानींसारख्या वाकलेल्या आहेत. त्यानंतरची चित्रं ओळीने मांडा. झाड हळूहळू विरत जातं आणि रेषा उरतात. मुलांना कोडं सुटत गेल्यासारखं वाटतं.

मग प्रत्येकाला पांढरा कागद, काळ्या कागदाच्या सहा-सात पट्ट्या (काही रुंद, काही अरुंद) आणि तीन रंगांचे तीन-चार तुकडे द्या. तुकडे मुद्दाम कमी. अट एकच: दहा मिनिटं काही चिकटवायचं नाही, आणि चित्र दोन्ही बाजूंना सारखं होता कामा नये. लाल मोठा इकडे ठेवला तर तिकडचा छोटा निळा त्याला पुरतो का? कागद उलटा फिरवून बघ. उभा करून बघ.

ही पट्ट्या सरकवायची युक्ती माझी नाही. न्यूयॉर्कला गेल्यावर माँड्रियान स्वतः रंगीत कागदी चिकटपट्ट्या लावून, हलवून मांडणी ठरवत असे. अशाच पट्ट्यांचं त्याचं एक चित्र, 'न्यूयॉर्क सिटी १', जर्मनीतल्या ड्युसेलडॉर्फच्या संग्रहात १९८० पासून आहे. १९४४ सालच्या एका छायाचित्रात तेच चित्र खालची बाजू वर करून ठेवलेलं दिसतं. ते उलटं टांगलंय, हे २०२२ मध्ये जाहीर झालं. पट्ट्या इतक्या जुन्या आणि नाजूक झाल्यात की सरळ करायला गेलं तर निखळतील, म्हणून ते तसंच ठेवलं. हे सांगितल्यावर मुलं आपापली चित्रं चारही बाजूंनी फिरवून 'खरं वर' कुठलं यावर अर्धा तास भांडतात. तो वेळ धरूनच बैठक आखा.

६. होकुसाई: तिघांनी मिळून एक चित्र

जपानी चित्रकार होकुसाईची 'कानागावाची मोठी लाट' सगळ्यांना माहीत असते. ते एकट्याने रंगवलेलं चित्र आहे, असा बहुतेकांचा समज असतो. १८३१ च्या सुमारास निघालेला तो लाकडी ठशांचा छाप आहे, साधारण २५ बाय ३७ सेंटिमीटरचा. चित्र होकुसाईचं, लाकूड कोरणारा दुसरा, छापणारा तिसरा. प्रत्येक रंगाला वेगळा ठसा. ज्या मालिकेतलं ते चित्र आहे तिचं नाव 'फुजी पर्वताची छत्तीस दृश्यं', पण ती इतकी खपली की आणखी दहा काढली. छत्तीसच्या मालिकेत शेहेचाळीस चित्रं! तेव्हा होकुसाई सत्तरीच्या घरात होता. लाटेत तीन होड्या आहेत. त्या मोजायला सांगा, तिसरी चटकन सापडत नाही.

तर अट ही: आपलं चित्र दुसऱ्याच्या हातात द्यायचं. तीन-तीन मुलांचे गट करा.

पहिल्याने पातळ कागदावर काळ्या पेनाने पाण्याचं चित्र काढायचं. दुसऱ्याने तो कागद पालथा घालून फोमच्या शीटवर ठेवायचा आणि मागून दिसणाऱ्या रेषा बॉलपेनने दाबत जायच्या, मग कागद काढून त्याच रेषा फोमवर पुन्हा खोल करायच्या. तिसऱ्याने रोलरने रंगाचा पातळ थर लावून छाप घ्यायचा. कागद पालथा घालायला विसरलात तर छाप उलटा येतो. मुलांनी कोपऱ्यात नाव लिहिलेलं असेल, तर ते आरशातल्यासारखं उमटतं आणि ओरडा होतो. जपानी कोरणारेही चित्र लाकडावर पालथंच चिकटवून कोरत. फरक इतकाच की त्यांच्या ठशात रेषा उंच राहते आणि भोवतालचं लाकूड जातं. आपल्या फोममध्ये रेषाच खाली दबते, म्हणून ती पांढरी येते. हे आधीच सांगा, नाहीतर "माझी काळी रेघ कुठे गेली?"

रंगात पाणी घालू नका. पातळ रंग दाबलेल्या रेषांत भरतो आणि छापात नुसता डाग येतो. ट्यूबमधून येतो तसाच घ्या, सपाट पत्र्यावर रोलर फिरवून चिकट आवाज येईपर्यंत पसरवा. पहिले दोन छाप बिघडणारच, ते वर्तमानपत्रावर घ्या.

भांडणं होतील. एकीच्या लाटेचे फेसाळ पंजे कोरणाऱ्याने कंटाळून अर्धेच दाबले, तर ती रडायला लागली. मी समजूत घालत होते, तेवढ्यात छापणारा मुलगा म्हणाला, "पण अर्धेच बरे दिसतायत." दोघींनी (म्हणजे ती आणि मी) नीट पाहिलं. खरंच बरे दिसत होते. त्या गटाने पुढच्या वेळी कामं आलटून-पालटून घेतली.

७. स्यूरा, कुसामा, काल्डर: थोडक्यात

स्यूराचं पॅरिसजवळच्या 'ला ग्रांद जात' बेटावरचं चित्र दोन बाय तीन मीटरचं आहे आणि त्याला दोनेक वर्षं लागली, १८८४ ते १८८६. म्हणून मुलांना पूर्ण पान देणं हा छळ आहे. पत्त्याएवढा तुकडा द्या, इअरबडने ठिपके टेकवा, रंग पॅलेटवर मिसळायचे नाहीत. पिवळ्या-निळ्या ठिपक्यांचा लांबून हिरवा होतो, असं मात्र छातीठोक सांगू नका. ठिपके मोठे असले तर ते जवळून सुटे सुटेच दिसतात. खोलीच्या दुसऱ्या टोकाला जाऊन बघायला सांगा, मग आणखी मागे. कुठे उभं राहिल्यावर मिसळतात, हे मुलांनीच शोधायचं.

अगदी लहानांसाठी, तीन-चार वर्षांच्या, जपानी कलाकार यायोई कुसामा. २००२ साली ऑस्ट्रेलियातल्या एका कलादालनात तिने मुलांसाठी एक पांढरीफेक खोली मांडली. येणाऱ्यांनी रंगीत गोल स्टिकर लावत लावत ती दिसेनाशी करायची. तुम्ही एक मोठं खोकं आणि एक मोडकी खुर्ची पांढरी करून ठेवा. बाकी मुलं बघून घेतात.

काल्डर मुळात यंत्र-अभियांत्रिकी शिकलेला माणूस. त्याच्या हलत्या शिल्पांना 'मोबाइल' हे नाव १९३१ मध्ये फ्रेंच कलाकार मार्सेल द्यूशाँने दिलं, फोनच्या कितीतरी आधी. एकच सूचना: खालून वर बांधत जा. सगळ्यात खालच्या काडीला दोन आकार लटकवा, काडी बोटावर तोलून धरा, जिथे तोल साधतो तिथेच दोरा बांधा, मग ती अख्खी काडी वरच्या काडीला लटकवा. वरून सुरुवात केली की खाली प्रत्येक आकार जोडताना आधीचा तोल बिघडतो. मी हे एकदा तासभर वरून केलं होतं, मुलांसमोर.

८. व्हॅन गॉग, पण खिडकीतून

पहिल्या फजितीची भरपाई म्हणून हे मी दरवर्षी करते. १८८९ च्या जूनमध्ये त्याने 'तारांकित रात्र' काढली तेव्हा तो फ्रान्समधल्या सँ रेमीच्या मनोरुग्णालयात होता. रात्रीचं आकाश खोलीच्या खिडकीतून दिसे, पण चित्र त्याने दिवसा, दुसऱ्या खोलीत काढलं. म्हणजे समोर रात्र नव्हती, डोक्यात होती. अट मिळाली.

मुलांना आदल्या रात्री पाच मिनिटं खिडकीतून बाहेर बघून यायला सांगा. फोटो काढायचा नाही, टिपण नाही. दुसऱ्या दिवशी उजेडात आठवणीतली रात्र काढायची. रंगात पाणी नाही, ब्रशऐवजी पुठ्ठ्याची पट्टी, रंग थापायचा आणि ओढायचा. गेल्या वेळी एका मुलाने जवळजवळ पूर्ण कागद तपकिरी-नारिंगी केला. म्हटलं, रात्र अशी? म्हणाला, "समोरच्या दिव्याखाली अशीच असते." तारा एकही नव्हता.

इथे मात्र क्रम उलटा: हे झाल्यावरच मूळ चित्र दाखवा. आधी दाखवलंत तर पुन्हा बारा भोवरे येतील.

९. गोष्टी सांगताना या खड्ड्यांत पडू नका

कान. मुलं विचारतातच. खोटं सांगू नका आणि त्यात रेंगाळूही नका: "तो आजारी होता, एका आजारपणात त्याने स्वतःला इजा केली." मग त्याच्या पत्रांकडे वळा. त्याची आठशेहून जास्त पत्रं उरली आहेत, बहुतेक भाऊ थिओला लिहिलेली, कित्येकांत चित्रंही आहेत. 'आयुष्यात एकच चित्र विकलं गेलं' हेही ठोकून देऊ नका. त्याच्या काकांनी त्याला रेखाचित्रांचं काम पैसे देऊन सांगितलं होतं.

टेबलाखाली झोपून मायकेलअँजेलो. टेबलाच्या खालच्या बाजूला कागद चिकटवून मुलांना आडवं पाडायचं, हा प्रकार फार चालतो, मीही केलाय. पण सिस्टीन चॅपेलचं छत (१५०८ ते १५१२) त्याने परांचीवर उभं राहून, मान मागे टाकून रंगवलं. मान मोडली, दाढी आभाळाकडे झाली, रंग तोंडावर ठिबकतो, अशी कुरकुर त्याने एका कवितेत केली आहे आणि बाजूला आपलं उभं चित्रही काढलंय. तेव्हा कागद भिंतीवर डोक्याच्या वर चिकटवा, मान मागे करून पाच मिनिटं काढू द्या. खडूने, पातळ रंग डोळ्यांत जाईल.

आणि सगळे चित्रकार दुःखी, गरीब, तरुणपणीच गेलेले, अशी माळ लावू नका. अल्मा थॉमस ही अमेरिकन चित्रकर्ती ३५ वर्षं शाळेत चित्रकला शिकवत होती. १९७२ मध्ये, ऐंशी वर्षांची असताना, न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयात तिचं स्वतंत्र प्रदर्शन लागलं. रंगाच्या लहान लहान फराट्यांची तिची वर्तुळं मुलांना बोटांनी करता येतात.

१०. मूल काम करत असताना तुम्ही काय करायचं

शक्यतो काही नाही. मुलाच्या कागदावर आपला हात कधीच चालवू नका, 'एवढंच नीट करून देते' म्हणूनसुद्धा. दाखवायचंच असेल तर शेजारी वेगळा कागद घ्या.

'हे काय आहे?' असं विचारू नका. 'सुरुवात कुठून केलीस?' विचारा, बोलायला लागतं. 'वा, छान!' सगळ्यांना सारखंच म्हटलं की पंधरा मिनिटांत त्याची किंमत उतरते. त्याऐवजी जे दिसतंय ते सांगा: "हा पिवळा तू तीन ठिकाणी ठेवलास."

'माझं त्याच्यासारखं झालं का?' हा प्रश्न येईल. मी म्हणते, "त्याला कुठे अडलं असेल असं तुला वाटतं?" बहुतेक वेळा मुलाचं जिथे अडलं तीच जागा ते दाखवतं.

११. भिंतीवर लावणं आणि घरी पाठवणं

चित्रं मुलांच्या डोळ्यांच्या उंचीवर लावा, आपल्या नव्हे. प्रत्येक चित्राखाली चिठ्ठी: नाव, तारीख, चित्राचं नाव (मुलाने दिलेलं, मुलाच्याच अक्षरात) आणि त्या दिवशीची अट. चित्रकाराची मूळ प्रत मध्ये लावू नका. कडेला, बाकीच्यांच्या रांगेत, तशीच चिठ्ठी लावून. आंरी मातीस, १९५३, गोगलगाय, अट: पेन्सिल नाही.

आठवडाभराने खाली काढा आणि मागच्या बाजूला कोणाचं नाव लिहिलंय ते पाहून ज्याचं त्याला द्या, कारण मुलं दुसऱ्याचं चांगलं दिसणारं चित्र बिनदिक्कत 'माझंच' म्हणून नेतात. पोस्टर रंग वरून वाळलेला दिसला तरी जाड थर आतून ओला असतो. व्हॅन गॉगवाले कागद निदान दोन दिवस आडवे पसरून ठेवा आणि गुंडाळी करू नका.